दिवस जाण्याआधीची गोळी

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय २९. लग्नाला अडीच वर्षं झाली, आता मूल हवं असं आम्ही दोघांनी ठरवलंय. अजून दिवस गेलेले नाहीत, पण घरात गोळ्यांचं दुकान झालंय. अमेरिकेतल्या नणंदेने 'प्रीनेटल' म्हणजे गरोदरपणासाठीच्या गोळ्यांची मोठी बाटली आणि गमीज पाठवल्या आहेत. जाऊबाईंनी त्यांच्या बाळंतपणातल्या उरलेल्या आयर्न-कॅल्शियमच्या स्ट्रिप दिल्या. मेडिकलमध्ये फॉलिक अ‍ॅसिड मागितलं तर ५ मिलिग्रॅमचं मिळालं. मैत्रीण म्हणते प्रोटीन पावडर आणि डीएचए (माशांतलं ओमेगा-३) हवंच. व्हिटॅमिन डीची साठ हजारवाली पाकिटं कपाटात पडून आहेत. आणि सासूबाईंनी गावाकडच्या एका माणसाकडून पुडी आणली आहे, पाळी चुकली की गाईच्या दुधातून घ्यायची म्हणे. आमचं घर माळकरी, अंडंही चालत नाही. मला थायरॉईडची गोळी सुरू आहे. यातलं नक्की काय घेऊ, आणि कधीपासून? – गोंधळलेली, नाशिक

उत्तर : बाळा, तुझ्या पत्रातल्या 'अजून दिवस गेलेले नाहीत' या वाक्यापाशी मी थांबले आणि मला फार बरं वाटलं. हाच प्रश्न बहुतेक जणी पाळी चुकल्यावर विचारतात. तू आधी विचारलास, म्हणून तुला सांगण्यासारखं माझ्याकडे बरंच आहे.

काही वर्षांपूर्वी एक शाळेतली बाई माझ्याकडे आली. सातवा आठवडा सुरू होता. पर्समधून तिने रेघांची वही काढली, समास वगैरे आखलेला, आणि मी सांगेन ते सगळं लिहून घेतलं. फॉलिक अ‍ॅसिड त्याच संध्याकाळी सुरू केलं. पुढच्या प्रत्येक भेटीत ती वही उघडून दाखवायची, रोजच्या तारखेपुढे बरोबरची खूण. एकही दिवस चुकला नव्हता. एकोणिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या पाठीच्या कण्याचा खालचा भाग उघडा दिसला. ती वही मांडीवर घेऊन बसली होती आणि मला म्हणाली, "मॅडम, माझं कुठे चुकलं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. हिशेब कर. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत यातले दोन आठवडे गेलेले असतात. मग एक-दोन आठवडे वाट बघायची, घरी चाचणी करायची, डॉक्टरची वेळ घ्यायची. ती माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा नळी मिटण्याची वेळ निघून गेली होती. आधी गोळी घेतली असती तर हे नक्की टळलं असतं, असं मी तिला तेव्हाही सांगितलं नाही आणि तुलाही सांगणार नाही. सगळी व्यंगं फॉलिक अ‍ॅसिडने टळत नाहीत. पण यातली पुष्कळशी टळतात, आणि त्यासाठी ती गोळी दिवस राहण्याआधी रक्तात असावी लागते. म्हणून तुझ्या त्या सगळ्या ढिगातून आजपासून सुरू करायची गोष्ट एकच आहे : रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. दिवस राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून, तीन महिने मिळाले तर उत्तम, आणि पुढे बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत.

आता तुला मिळालेली ५ मिलिग्रॅमची गोळी. आपल्याकडे मेडिकलमध्ये नुसतं 'फॉलिक अ‍ॅसिड द्या' म्हटलं की बहुधा हीच हातात पडते. ४०० मायक्रोग्रॅमच्या ही साडेबारा पट आहे. ती वाईट आहे असं नाही, ती दुसऱ्या कुणासाठी आहे. आधीच्या बाळाला मणक्याचं किंवा मेंदूचं असं व्यंग असेल, आईला फिटची औषधं चालू असतील, मधुमेह असेल, तर आम्ही मोठा डोस लिहून देतो. त्याला आधार आहे तो १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा. आधी असं मूल झालेल्या सात देशांतल्या बायकांना ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलं, तर तेच व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. त्या वहीवाल्या बाईंना दुसऱ्या वेळी आम्ही तीन महिने आधीपासून मोठा डोस दिला. त्यांची मुलगी आता शाळेत जाते. तुला मात्र याची गरज दिसत नाही. मेडिकलवाल्याला 'चारशे मायक्रोग्रॅम' असं स्पष्ट सांग. नसेल तर मागवून देतो. सरकारी आरोग्य केंद्रातही विचार. मूल हवं असणाऱ्या बाईने दिवस राहण्याआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावं, असं आपल्या सरकारच्या 'अ‍ॅनिमियामुक्त भारत'च्या सूचनांतच आहे.

या गोळीचं नातं आपल्या मुंबईशी आहे, हे फार थोड्या जणींना माहीत असतं. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत काम करायला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका भयंकर रक्तक्षयाने आजारी पडत होत्या, मरत होत्या. कारण जंतू असेल का, आणखी काही असेल का, असं शोधत त्या बायकांच्या ताटापर्यंत पोचल्या. ज्यांच्या ताटात भाजी, फळं, दूध जवळजवळ नव्हतं त्यांच्यातच हा आजार जास्त होता. शेवटी यीस्टच्या एका स्वस्त अर्काने या बायका बऱ्या झाल्या. त्या अर्कात नेमकं काय होतं ते कळायला पुढे दहा वर्षं लागली. १९४१ साली तेच द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळं काढलं आणि लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून त्याचं नाव पडलं, फॉलिक अ‍ॅसिड. त्या बायकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. गोळी लिहून देताना मला त्यांची आठवण येते.

पण मुली, तुझ्या बाबतीत माझं खरं लक्ष दुसरीकडे आहे, आणि तुझ्या यादीत त्याचा उल्लेखही नाही. बी-१२.

हे जीवनसत्त्व झाडपाल्यात, डाळीत, कडधान्यात नसतं. मांस, मासे, अंडी आणि दूध-दही, एवढ्यातच. तुमच्या घरी अंडं नाही, म्हणजे सगळी भिस्त दुधावर. आणि चहापुरतं दूध, जेवणात वाटीभर पातळ ताक, एवढ्याला आपण 'दूधदुभतं खातो' म्हणतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेत आहेत. त्यांना काय दिसलं? गरोदरपणी निम्म्याहून खूप जास्त बायकांत बी-१२ कमी होतं, फोलेट (फॉलिक अ‍ॅसिडचंच अन्नातलं रूप) मात्र चांगलं होतं. आणि ज्या आयांचं फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त आढळलं. पुढे मधुमेहाकडे जाणारी वाट इथून सुरू होते. एकाने दुसरं घडतंच असा हा पुरावा नव्हे, संबंध दिसला आहे. पण शाकाहारी मुलगी बी-१२ न तपासता ५ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड महिनोन्महिने घेतेय, हे पाहिलं की माझा जीव खालीवर होतो तो यामुळे. शिवाय भरपूर फॉलिकने रक्ताचा रिपोर्ट सुधारल्यासारखा दिसतो आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहतं. मुंग्या येतात, विसरायला होतं, आणि आपण म्हणतो, दगदग झाली.

म्हणून या आठवड्यात रक्त देऊन ये. हिमोग्लोबिनसह संपूर्ण रक्तगणना, बी-१२, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), साखर. बी-१२ आत्ताच बघायचं, कारण दिवस राहिल्यावर ते तसंही खाली येतं आणि आकड्याचा अर्थ लावणं अवघड होतं. कमी निघालं तर गोळ्या की इंजेक्शन, किती आणि किती दिवस, ते तुझे डॉक्टर ठरवतील. बरोबर निघालं तरी तुझ्यासारखीने फॉलिकसोबत बी-१२ असलेली गोळी घ्यावी असंच मी म्हणेन. स्पिरुलिनावर विसंबू नकोस. त्यातलं बी-१२ बव्हंशी आपल्या शरीराच्या उपयोगाचं नसतं.

याच वेळी एचबीए-टू ही थॅलेसेमियाची तपासणी एकदा करून घे, आयुष्यात एकदाच लागते. आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोह द्यायचं ही सवय आहे. पण काही जणींचं रक्त कमी असण्याचं कारण थॅलेसेमियाची वाहक असणं हेही असतं. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर ते दिवस राहण्याआधी कळलेलं बरं. विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या वाचक असतील त्यांनी सिकलसेलची तपासणीही करावी.

आता अमेरिकेहून आलेली बाटली. नणंदेने प्रेमाने पाठवली आहे आणि ती चांगली असू शकते, पण लेबल भिंग घेऊन वाचायचं. दोन गोष्टी बघ. पहिली, फोलेटपुढे 'डीएफई' असं लिहिलेलं असेल. तो वेगळा हिशेब आहे : ६८० डीएफई म्हणजे आपलं ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. बाटलीत तेवढं असेल आणि ती रोज घेणार असशील, तर वेगळी फॉलिकची गोळी नको. काही बाटल्यांवर 'मिथाइलफोलेट' म्हणून जास्त किंमत लावलेली असते. मणक्याचं व्यंग टळतं हे सिद्ध झालंय ते साध्या फॉलिक अ‍ॅसिडने. दुसरी गोष्ट व्हिटॅमिन ए. 'बीटा-कॅरोटीन' लिहिलं असेल तर चिंता नाही, गाजरातलंच ते. 'रेटिनॉल' किंवा 'रेटिनिल' लिहिलं असेल तर आकडा बघ. हे दिवसाला १०,००० युनिटच्या वर गेलं तर बाळाला व्यंग येऊ शकतं. एका गोळीत एवढं सहसा नसतं. गडबड होते ती एक प्रीनेटल, वर एक मल्टिव्हिटॅमिन, वर कॉडलिव्हर ऑईल, असं तीन ठिकाणांहून पोटात गेलं की. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉईनच्या कॅप्सूल घेणाऱ्या मुलींनी तर हे वाक्य दोनदा वाचावं : त्या चालू असताना दिवस राहता कामा नयेत, बंद केल्यावरही महिनाभर थांबायचं.

गमीज बहुतेकदा लोह नसलेल्याच असतात आणि त्यात साखर असते. भाच्याला देऊ नकोस, तो गोळ्या-चॉकलेट समजून मूठभर खाईल. टाकून दे.

जाऊबाईंच्या स्ट्रिप आधी उलटून तारीख बघ. लोह आणि कॅल्शियम पुढे लागणार आहेच, पण आत्ता नाही. हिमोग्लोबिन कमी निघालं तर लोह आत्ता सुरू होईल. नाहीतर पहिले तीन महिने मळमळीत ती गोळी पोटात ठरतही नाही. चौथ्या महिन्यापासून सरकारी लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक, रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. कॅल्शियमही त्याच सुमारास, ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर. या गोळ्या आशाताईंकडे, आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. फुकटच्या म्हणून हलक्या समजायचं कारण नाही. महागड्या पाकिटावरही 'एलिमेंटल आयर्न किती', म्हणजे गोळीत प्रत्यक्ष लोह किती, हाच आकडा बघायचा असतो. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायका रक्तक्षयाच्या आहेत (२०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ५२.२ टक्के), आणि मला प्रत्यक्ष दिसतं ते असं की गोळ्या घरात असतात, पोटात जात नाहीत. शौचाला काळी होते म्हणून घाबरून बंद करतात. काळी होणारच, ते लोहच आहे. खडा होत असेल तर पाणी, पेरू, भिजवलेल्या काळ्या मनुका वाढव. तरीही त्रास झाला तर डॉक्टर दुसऱ्या प्रकारच्या लोहाची गोळी देतात. गोळी परस्पर सोडू नकोस.

तुझं वेळापत्रक मात्र जरा कसरतीचं होणार, थायरॉईडच्या गोळीमुळे. लोह आणि कॅल्शियम दोन्ही तिला शोषू देत नाहीत, म्हणून चार तासांचं अंतर हवं. आणि लोह-कॅल्शियमचं आपसातही पटत नाही, तिथे दोन तास तरी हवेत. तेव्हा पुढे असं कर : सकाळी सहाला उठल्या उठल्या थायरॉईडची, नुसत्या पाण्याबरोबर. एकच्या डब्यासोबत कॅल्शियमची पहिली. आठच्या जेवणासोबत दुसरी. साडेदहाला झोपण्याआधी लोहाची, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर लगेच आडवं पडू नकोस. रात्री घेतली की मळमळही झोपेत निघून जाते. चार वाजताचा चहा खुशाल घे, लोहाच्या आसपास तेवढा नको. आणि पाळी चुकली त्याच दिवशी थायरॉईडच्या डॉक्टरांना फोन कर. गरोदरपणात तो डोस बहुधा वाढवावा लागतो, पुढच्या भेटीपर्यंत थांबायचं नाही.

व्हिटॅमिन डीचं साठ हजारांचं पाकीट हे आठवड्याचं औषध आहे, तेही ठरावीक आठवड्यांसाठी, कमतरता असलेल्यांना. एक बाई माझ्याकडे आली होती, ती हे दुधात घालून रोज घेत होती, महिनाभर. तहान, उलट्या, रक्तातलं कॅल्शियम चढलेलं. चिठ्ठीवर 'वीकली' लिहिलं होतं, ते अक्षर तिला लागलं नव्हतं. तुझी पाकिटं कपाटातच राहू दे, कॅल्शियमच्या गोळीत थोडं डी असतंच.

प्रोटीन पावडरीचे पैसे वाचव. रोज वाटीभर घट्ट वरण, मोड आलेली मटकी किंवा मूग, दह्याची वाटी, मूठभर शेंगदाणे, आठवड्यातून दोनदा पनीर, एवढं जमलं तर डब्याची गरज नाही. त्या डब्यांमध्ये साखर किती हे मागच्या बाजूला बघ. आणि ज्या बाटलीवर औषधाचा परवाना नसून एफएसएसएआयचा क्रमांक आहे आणि 'औषधी उपयोगासाठी नाही' असं छापलंय, ती खाद्यपदार्थ म्हणून विकली जाते. तिच्याकडून औषधाची अपेक्षा ठेवायची नाही. डीएचए मासे न खाणारीने घेतलं तर बिघडत नाही, शेवाळापासूनचं शाकाहारी मिळतं, पण परवडत नसेल तर झुरू नकोस. जवसाची चटणी कर.

स्वयंपाकघरातली एक गोष्ट बदल, जर तुमच्याकडेही ती फॅशन आली असेल. सैंधव किंवा गुलाबी मीठ रोजच्या जेवणात नको. गरोदरपणात आयोडीन जास्त लागतं, बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी, आणि आपल्याला ते मुख्यतः साध्या आयोडीनयुक्त मिठातून मिळतं. बरणीचं झाकण घट्ट ठेव, मीठ भाजी शिजल्यावर घाल. सैंधव एकादशीपुरतं.

शेवटी पुडी. पाळी चुकल्यावर ठरावीक दिवशी, गाईच्या दुधातून घ्यायची पुडी कशाची असते हे आपल्या दोघींनाही माहीत आहे, त्यामुळे आडून बोलत नाही. ती मुलगा व्हावा म्हणून असते. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्या क्षणी ठरून गेलेलं असतं, नंतर कुठल्याही पुडीने ते बदलत नाही. पण ज्या आठवड्यांत बाळाचे हात-पाय, हृदय, मेंदू घडत असतात, नेमक्या त्याच आठवड्यांत हे पोटात जातं. अशा पुड्यांत वनस्पतींमधली संप्रेरकांसारखी द्रव्यं सापडली आहेत. काहींमध्ये शिसंही. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळलं, त्या भारतातून आणलेली आयुर्वेदिक म्हणवणारी औषधं घेत होत्या. आईच्या रक्तातलं शिसं बाळापर्यंत जातं. आयुर्वेदाचा रीतसर शिकलेला वैद्यसुद्धा अशी बिननावाची पुडी देणार नाही. ही घ्यायची नाही. थोडीही नाही, सासूबाईंचं मन राखायला एक घोटही नाही.

त्यांच्याशी भांडूही नकोस. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचार. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरने सांगितलेलं यात आपल्या घरांत फरक पडतो, त्याचा उपयोग करून घे. मग त्यांना खरं काम दे : नाचणीची भाकरी, राजगिऱ्याची भाजी, शेवग्याच्या पाल्याचं पिठलं त्यांच्याइतकं तुला येत नसणार. भाजी शिजवल्यावर पाणी फेकू नये, फोलेट त्यात उतरतं, एवढं मात्र त्यांना सांग.

आणि नवऱ्यालाही तंबाखू-सिगारेट असेल तर आजपासून बंद करायला सांग. त्याच्यासाठी झिंक-फॉलिकच्या गोळ्या आणायची गरज नाही. अमेरिकेत २०२० साली त्याचा मोठा अभ्यास झाला, मूल होण्यात काही फरक पडला नाही.

उद्या सकाळी रक्त द्यायला जाताना सगळ्या बाटल्या-स्ट्रिप एका पिशवीत भर आणि तशाच तुझ्या डॉक्टरांच्या टेबलावर ओत. नावं आठवून सांगू नकोस, वस्तूच दाखव. आणि बी-१२ चा आकडा आला की मला एक ओळ लिही, मी वाट बघते.